आधी वरचे

वैशाख लागला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाण्याऐवजी वारा यायला लागला.

रोज संध्याकाळी उन्हं गॅलरीच्या कठड्यावरून खाली सरकली की मनाली मोरीत पाटावर बसायची आणि नळ सोडून ठेवायची. आधी आत कुठंतरी गुरगुरायचं. मग नळ खाकरायचा, गंजके दोन-चार थेंब थुंकायचा, आणि लांब सुस्कारा सोडून गप्प व्हायचा. मनाली तरी तशीच बसून राहायची. सिझरचा टाका ओढायचा. मांडीवर तान्हा अवधू मूठ चोखत पडलेला असायचा. खाटेवरून सासरे, नाना, तिच्याकडे बघत असायचे.

"आ?" नाना विचारायचे. अर्धं अंग गेल्यापासून शब्दाचं पहिलं टोक तेवढं त्यांच्या तोंडातून बाहेर यायचं.

"येतंय, नाना. दम काढतंय जरा."

लालबागच्या त्या चाळीत एकेका उभ्या पाइपावर चार खोल्या होत्या. ह्या पाइपावर तळाला धोंडूकाका, पहिल्या मजल्यावर अंबिका मॅडम, दुसऱ्यावर कौसल्याकाकू आणि सगळ्यात वर, पत्र्याखाली, मनालीचं बिऱ्हाड. पूर्वी माळ्यावर टाकी होती. ती चिरली म्हणून काढून टाकली, नवी बसवायचं राहून गेलं. पाणी आता रस्त्यावरनं थेट पाइपात येई आणि जेवढा जोर असेल तेवढंच वर चढे. पाणीकपात लागल्यापासून जोर असा उरलाच नव्हता.

घरात तर पाणी लागायचं ते ढिगानं. एकीकडे अवधूची दुपटी, दुसरीकडे नानांच्या चादरी. नानांना कळायचं, पण सांगेपर्यंत व्हायचं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि मनाली त्यांना कुशीवर घ्यायची, मेणकापड ओढून काढायची, भिजल्या पंच्यानं पाठ पुसायची. पाणी कमी म्हणून पंचा एकदाच पिळायचा. पाठीवर घामोळं उठून त्याचे चट्टे व्हायला लागले होते. त्याखाली कातडी सोलली तर काय, हा विचार ती करायचीच नाही.

चाळीच्या मधल्या चौकात म्युनिसिपालटीचा एक नळ होता. त्याला धार असायची. मनाली कळशी घेऊन उतरायची आणि तीन जिने चढून यायची. प्रत्येक मजल्यावर कळशी टेकवायची, ओटीपोटावर हात दाबायचा, परत उचलायची. तोवर वर पोरगं रडून निळं झालेलं असायचं.

तिचा नवरा मयूर परळला एका इस्पितळात वॉर्डबॉय होता, दुपारपाळीला. रात्री घरी आला की आधी पिंपात डोकावून बघायचा. एके दिवशी त्यानं झाकण आपटलंच.

"मी नानांना गावी नेऊन ठेवतो. देवरुखला आप्पाकाका आहे, विहीर आहे."

"आप्पाकाकांच्या घरात त्यांचं करणार कोण?"

"इथं तरी कोण करतंय? तू पोट धरून जिने चढतेस. टाका उसवला म्हणजे? मी तिकडे लोकांची अंथरुणं बदलतो आणि माझ्या बापाला चट्टे पडतायत. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर नेतो."

खाटेवर नानांनी डोळे मिटून घेतले. ते झोपले नव्हते. चाळीस वर्षं ह्याच खोलीतून गिरणीत गेलेला माणूस. बायको ह्याच खोलीत गेली. गाव त्यांना गणपतीपुरतं माहीत.

मनालीच्या मनानं घेतलं, बोलून बघायचं. माणसं काही वाईट नव्हती. रविवारी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तिनं तिघांना गाठलं. अंबिका मॅडमनं खुर्च्या काढल्या, कौसल्याकाकू मटार सोलत आल्या, धोंडूकाका जिन्याच्या पायरीवर उभे राहिले.

"मी काय म्हणते," मनाली म्हणाली, "पाणी आलं की खालच्यांनी नळ बंद ठेवायचे. आधी वरचे भरतील. माझं भरलं की मी गॅलरीतून हाक देईन, 'झालं'. मग काकूंनी सोडायचा, त्यांनी हाक दिली की मॅडमनं, मग काकांनी. खालच्यांना पाणी मिळतंच, त्यांना फक्त थांबायचंय."

"अगं, ह्यात विचारायचं काय?" कौसल्याकाकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नानांनी माझ्या लग्नात पंगती वाढल्यात. त्यांच्यासाठी मी एवढं नाही करणार? थांबायचंच तर आहे."

अंबिका मॅडम शाळेत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "प्रश्न नानांचा नाहीच मुळी. प्रश्न शिस्तीचा आहे. मी मुलांना हेच शिकवते. लिहून ठेव मनाली, माझा नळ बंद म्हणजे बंद."

धोंडूकाका मालवणचे. बायको वारलेली, मुलगी माहीमला दिलेली, आपलं एकटे राहत. ते भिंतीला खांदा लावून ऐकत होते.

"मी नळ बंद ठेवचंय नाय. आत्ताच सांगतंय, मागाहून माझ्या नावान बोंब नको."

"अहो काका..."

"माझ्या दारात इलेला पाणी माझ्या डोक्यावरून वर जाणार, नि मी बघत रवायचा? माका जमाचा नाय." आणि ते जिना उतरून गेलेसुद्धा.

"हे असं असतं," अंबिका मॅडम म्हणाल्या. "एक नासका निघतोच."

सोमवारी संध्याकाळी मनालीनं पिंप घासून नळाखाली लावलं. पाइप गुरगुरला. नळानं करंगळीएवढी धार सोडली, ती सुतासारखी झाली आणि तुटली.

धोंडूकाकांना मनातल्या मनात चार शिव्या देत ती कळशी घेऊन निघाली. दुसऱ्या मजल्यावर आली तर कौसल्याकाकूंच्या मोरीतून छान भरदार आवाज येत होता. दार उघडंच होतं.

"काकू?"

"ये गं. हे बघ, फक्त प्यायचं भरतेय. एक हंडा. प्यायच्या पाण्याला काय थांबायचं?"

हंड्यामागे दोन बादल्या होत्या. काकूंनी मनालीची नजर बघितली आणि बादल्या पदराआड घेतल्यासारख्या उभ्या राहिल्या. "त्या कालच्याच आहेत," त्या म्हणाल्या. बादल्यांवर अजून फेसाचे बुडबुडे फुटत होते.

पहिल्या मजल्यावर अंबिका मॅडमची वॉशिंग मशीन घरघरत होती.

"अगं, मी बंदच ठेवलाय," मॅडम मशीनवर हात ठेवून म्हणाल्या. "हे आपोआप घेतं. मध्ये थांबवलं की कपडे तसेच राहतात, वास मारतात. उद्यापासून सकाळी लावते. नियम म्हणजे नियम. बाय द वे, धोंडूला बोललीस का? त्याच्यामुळे सगळ्यांना त्रास."

तळमजल्यावर धोंडूकाकांच्या दाराला कुलूप होतं.

मनालीनं कुलूप हातात धरून पाहिलं. मोरीच्या खिडकीतून डोकावली. नळ बंद. खाली बादली कोरडी, उपडी. मग चौकातल्या नळावर जाऊन कळशी भरली आणि एकेक मजला टेकत वर गेली.

मंगळवारी तेच, बुधवारीही. कौसल्याकाकूंना एक दिवस भाजी धुवायची होती, एक दिवस पाहुणे होते. मॅडमची मशीन सकाळी लावायची राहून जात होती, कारण सकाळी शाळा. भेटल्या की दोघी स्वतःहून विषय काढायच्या. काकू तर नानांना बघायला वर आल्या, चट्टे बघून हळहळल्या, खोबरेल घेऊन आल्या आणि जाताना म्हणाल्या, "पाणी नाही म्हणजे हाल गं. त्या धोंडूला कुणीतरी सांगायला हवं." खोटं त्यात तिळाएवढं नव्हतं, हेच मनालीला झेपत नव्हतं. खोटारडी माणसं असती तर भांडता तरी आलं असतं. ही तर मनापासून तिच्या बाजूची होती, नळ चालू ठेवून.

आणि धोंडूकाकांचा नळ रोज बंद.

शुक्रवारी कळशी भरून घेताना ते तिला चौकात भेटले. मनालीला वाटलं, माणूस बोलतो एक पण मनानं चांगला आहे, जाण ठेवायला हवी.

"काका, तुमचे उपकार आहेत. तुम्ही एकटेच नळ बंद ठेवता. बाकीच्यांनी शब्द दिला आणि..."

"कोणी सांगल्यान तुका?"

"मी बघते ना रोज."

काकांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. "मी काय तुझ्यासाठी बंद ठेवलंय? माझी खोली भट्टीसारखी तापता. मी सलूनात बसतंय, थंड हवेखाली, पेपर वाचीत. मी सांगितलंय ना चारचौघांत, बंद ठेवचंय नाय म्हणून? मग? धोंडूची जीभ काय भाड्याची हा?"

"तसं नाही काका, मी आपलं..."

"तसाच म्हणालंस. आता बघ."

दुसऱ्या दिवशी ते सलूनला गेले नाहीत. पाणी आलं तसा त्यांनी नळ पुरा सोडला, बादली भरली, ओटा धुतला, दारासमोरची फरशी धुतली, आणि तिन्ही मजल्यांना दिसेल अशा बेतानं तुळशीला पाणी घातलं, इतकं की कुंडीतली माती वाहून गेली. वर मनालीच्या नळाला वारासुद्धा आला नाही.

"तू थँक यू कशाला म्हणालीस पण?" मयूरनं रात्री कपाळाला हात लावला. "तो आपोआप जात होता ना सलूनला? जाऊ द्यायचं."

"मला काय माहीत? तो नाही म्हणाला आणि करत होता. ह्या हो म्हणतात आणि करत नाहीत. मी कुणाचं काय धरून चालू?"

"काहीच नको धरू. मी गाडीत सीट बघितलीय. पुढच्या रविवारी मी नानांना घेऊन निघतो."

नानांनी चालता हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला. मयूरनं तिकडे बघितलं नाही. भात कालवत बसला. मग ताट तसंच सरकवून बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मनालीला दिसलं, त्याची पाठ हलत होती.

गुरुवारी नानांची चादर दुपारपासून तशीच भिजट होती. पिंपात तळाला तांब्याभर गाळ. संध्याकाळी मनालीनं सवयीनं नळ सोडून ठेवला, नानांच्या उशाशी स्टीलचा पेला ठेवला, म्हणजे काही लागलं तर वाजवता येईल. पोरगं आज खांद्यावरून उतरायलाच तयार नव्हतं. एका हातात ते, दुसऱ्या हातात कळशी, अशी ती खाली आली. कुणाच्या दाराकडे तिनं बघितलं नाही. बघायचा कंटाळा आला होता.

चौकात आल्यावर लक्षात आलं, पोर घेऊन कळशी भरायची कशी आणि उचलायची कशी. ओट्यावर धोंडूकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. आत त्यांचा नळ धो-धो वाहत होता.

भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती सरळ पुढे गेली आणि अवधूला त्यांच्या छातीशी लावलं.

"धरा."

"अगो, माका जमाचा नाय. पडात तो. अगो..."

"मान धरा मागनं. हां."

काकांनी दोन्ही हातांनी पोर असं धरलं, जसं काही कुणी काचेचं तावदान हातात दिलंय. अवधूनं त्यांच्याकडे बघितलं, मिशीकडे बघितलं, आणि मिशीला हात घातला.

"अगो, नळ," काका ओरडले. "बादली वाहता. बंद कर कोणी तरी."

मनाली आत गेली, नळ पिळून बंद केला. वाहतं पाणी दिसलं की हात आपसूक जातो, तसा. मग चौकातल्या नळाखाली कळशी लावली. तेवढ्यात अवधूनं काकांच्या गंजीवर पाट सोडला.

"इश्श, हे बघा," वरून कौसल्याकाकू कठड्यावर वाकल्या. "धोंडूभावजी, काशीला गेल्याचं पुण्य लागलं."

"उतर गो खाली, घे ह्याका. माझो जीव जाता."

काकू हसत हसत खाली आल्या, हात ओले, पदर खोचलेला. मागोमाग अंबिका मॅडम मोबाइल घेऊन. "थांबा थांबा, असाच धरा, फोटो काढते." पण काकू पोर घ्यायला लागल्या तर काका देईनात. त्यानं मिशी सोडली नव्हती. काकूंनी टाळ्या वाजवल्या, मॅडमनं जिभेनं घोडा चालवला, आणि अवधू पहिल्यांदाच पोट हलवून हसला. मग तिघंही त्याला परत हसवायला लागली.

कळशी भरली होती. मनाली ती उचलायला वाकली आणि वरून टण टण टण आवाज आला. पेला.

तिला वाटलं, नाना पडले. कळशी तिथंच टाकून ती जिन्याला लागली. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत सामसूम, मशीनही बंद. दुसऱ्यावर काकूंचं दार सताड उघडं, मोरी शांत, अर्धा भरलेला हंडा बंद नळाखाली वाट बघत. टाका ओढत होता, ती थांबली नाही. दारात आली.

नाना खाटेवरच होते. पेला खाटेच्या कडेवर आपटत होते आणि मोरीकडे डोळ्यांनी दाखवत होते. मोरीत पिंप दणाणत होतं. जाड, पांढरी, हवा मिसळलेली धार तळाच्या पत्र्यावर आपटत होती.

मनाली उंबऱ्यावर बसली. पाणी चढताना बघत राहिली. खाली तिचं पोरगं तिघांच्या हातात हसत होतं आणि त्या तिघांचे सहा हात गुंतलेले होते. तिला एकदम सगळं कळलं आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नाही. दहा-बारा दिवस तिनं माणसांची मनं वळवली होती. मनं आधीपासून वळलेलीच होती. फक्त हात रिकामे होते.

पिंप काठोकाठ झालं तेव्हा तिनं गॅलरीत येऊन हाक दिली, "झालं". कुणी वर बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी पाइप गुरगुरायच्या जरा आधी ती अवधूला पावडर लावून खाली घेऊन गेली. "काका, वर फार तापतं हो. ह्याला तुमच्या ओट्यावर वारा लागतो." काका म्हणाले, "माझ्या नळाचा नाव काढू नको. तो मी चालूच ठेवणार हा." आणि दोन्ही हात पुढे केले. काकू आणि मॅडम बोलावल्याशिवाय आल्या.

रात्री मयूरनं पिंपाचं झाकण उचललं, मग शेजारच्या दोन बादल्या, मग पातेलं. "कालही भरलं होतं. तू काय बोललीस त्यांना?"

"काही नाही."

"मग ऐकलं कसं?"

"ऐकलं कुठं."

त्याला कळलं नाही. त्यानं मोबाइल पुढे केला. चाळीच्या ग्रुपवर अंबिका मॅडमनं लिहिलं होतं, एकदा शिस्त लावून घेतली की पाण्याचा प्रश्न कसा सुटतो याचं उदाहरण आपल्या पाइपनं घालून दिलं आहे. खाली कौसल्याकाकूंचे हात जोडलेले. "दिलेला शब्द पाळला, नानांचा आशीर्वाद." मनालीनं ते दोनदा वाचलं आणि तिला हसावं की फोन पिंपात बुडवावा ते कळेना.

"सीट?" तिनं विचारलं.

"उद्याचा दिवस बघतो," मयूर म्हणाला. "उद्या आलं तर रद्द करतो."

शनिवारी पाणी आलं.

पिंप भरलं. मनालीनं दार लोटलं, मोरीत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आणि नानांना काखेत धरून, खाटेवरून खुर्चीवर, एकेक पाय सरकवत आणून बसवलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोक्यावरून तिनं तांब्या ओतला. नानांनी श्वास ओढला. दुसरा तांब्या, तिसरा. डोळे मिटून त्यांनी तोंड वर केलं. तिनं साबणाचा हात हलक्यानं चट्ट्यांच्या कडेकडेनं फिरवला, कानामागे, काखेत, आखडलेल्या बोटांच्या बेचक्यांत. मळाचे ओघळ मोरीच्या भोकाकडे चालले. गेलेल्या अंगाकडचा हातसुद्धा पाण्याखाली जरासा उमलल्यासारखा दिसला. पाणी ओतताना हात आखडता घ्यायची गरज नव्हती, ह्याचंच तिला नवल वाटत होतं.

पिंप परत भरत आलं. बादल्या भरल्या. पातेली भरली. कोपऱ्यात चादरींचा ढीग पडला होता, आठवड्याचा. तिनं बादलीत एक चादर बुडवली. आणखी एक बुडवली. खालून अवधूची कुरकुर ऐकू यायला लागली होती. भूक लागली असणार. तिलाही पान्हा फुटला, ब्लाउज ओला झाला. पाइपात पाणी असेपर्यंत एवढ्या दोन चादरी निघाल्या तर.

"मनाली," खालून कौसल्याकाकूंची हाक आली. "झालं का गं?"

काठोकाठ भरलेल्या पिंपातून पाणी कडेनं उतरून मोरीत चाललं होतं. धार तशीच पडत होती.

"नाही हो, काकू," मनालीनं तिथूनच आवाज दिला. "आत्ता कुठं सुरू झालंय."

"बरं बरं. होऊ दे सावकाश. आम्ही आहोत."

नानांनी डोळे उघडले. आधी पिंपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांचं अर्धं तोंड हलायला लागलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"झा," ते म्हणाले. "झा..."

मनालीनं पंचा पिळला आणि त्यांचं तोंड पुसलं.